घर रिकामे करून घेताना भाडेकरूला नव्या घरापर्यंत पोहोचवण्यासाठी घरमालक काय काय करू शकतो

भाडेकरूने घर सोडायचे हे एकदा ठरले, मग ते न्यायालयाच्या आदेशाने ठरलेले असो, नोटिशीची मुदत संपल्याने असो किंवा दोघांच्या बोलण्यातून असो, की बहुतेक घरमालक आपले काम संपले असे मानतात. प्रत्यक्षात सगळ्यात अवघड काम तिथून पुढे सुरू होते. चालते घर मोडून ते दुसरीकडे उभे करायचे असते, तेही अनेकदा हातात पैसे नसताना, पत खालावलेली असताना आणि मन खचलेले असताना. या कामात घरमालकाच्या हाती दोन गोष्टी असतात आणि त्या दुसऱ्या कोणाकडेच नसतात : एक म्हणजे घर सोडण्याची तारीख आणि दुसरी म्हणजे अनामत रक्कम. भाडेकरूला नवे घर मिळणार की तो सामानासह रस्त्यावर येणार, हे पुष्कळदा या दोन गोष्टी कशा हाताळल्या यावरच ठरते. म्हणून या लेखात सहानुभूतीपेक्षा तारखा, रकमा आणि कागद यांवर अधिक भर दिला आहे.

काय करू नये, ते आधी

मदतीचा विचार करण्यापूर्वी दबावाचे सगळे मार्ग बंद करावेत. पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढून ठेवणे, माणसे पाठवून दरडावणे, या गोष्टी बहुतेक देशांत बेकायदा आहेत आणि हातात न्यायालयाचा आदेश असला तरी त्याची अंमलबजावणी ठरलेल्या अधिकाऱ्यानेच करायची असते. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने 1997 साली आपल्या सातव्या सर्वसाधारण टिप्पणीत याविषयी स्पष्ट अपेक्षा नोंदवल्या आहेत. घर सोडावे लागणाऱ्यांशी खरीखुरी चर्चा व्हावी, त्यांना पुरेशी आणि वाजवी पूर्वसूचना मिळावी, त्यांच्या संमतीशिवाय रात्री किंवा अतिशय खराब हवामानात कोणालाही घराबाहेर काढू नये आणि या कारवाईमुळे कोणी बेघर होऊ नये, असे ती टिप्पणी सांगते. ही टिप्पणी सरकारांना उद्देशून आहे, खासगी घरमालकाला नव्हे. तरीही एखाद्या घरमालकाला स्वतःचे वागणे तपासायचे असेल, तर याहून सरळ मोजपट्टी मला माहीत नाही.

आदेश मिळाल्यानंतर तुम्ही भाडेकरूला वाढीव मुदत देणार असाल, तर त्या काळात घेतलेले पैसे कसे नोंदवायचे हे वकिलाला विचारून घ्यावे. काही ठिकाणी आदेशानंतर ‘भाडे’ म्हणून पैसे स्वीकारले, तर नवा भाडेकरार सुरू झाला असा अर्थ लावला जाऊ शकतो. पावतीवर ‘जागेच्या वापराचा मोबदला’ असे लिहिण्याची पद्धत त्यामुळेच पडली आहे. आदेशाची अंमलबजावणी किती काळात करून घ्यावी लागते, तेही त्याच वेळी विचारावे. चांगुलपणाने दिलेली मुदत नंतर अंगाशी येणार नाही याची खात्री असली, की माणूस अधिक मोकळ्या मनाने मुदत देतो.

पहिली भेट

भाडेकरूशी बोलण्याची वेळ त्याला विचारून ठरवावी, आणि ती दारात उभे राहून, शेजारी ऐकत असताना, बोलण्याची गोष्ट नव्हे. मुलांच्या समोर तर हा विषय काढूच नये. सुरुवात थकबाकीच्या हिशेबाने केली, की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि मग पुढचे काहीच त्याच्या कानांवर पडत नाही. मी अलीकडे एवढेच म्हणतो : “घर सोडावे लागणार हे आता ठरले आहे, त्यावर आपण पुन्हा वाद घालू नये. मात्र तुम्ही इथून थेट दुसऱ्या घरी जावे, मध्ये कुठे अडकू नये, असे मला वाटते. त्यासाठी तुम्हाला किती दिवस लागतील आणि काय काय अडते आहे, ते सांगा.” एवढे बोलून थांबावे आणि ऐकावे.

ऐकताना काही गोष्टी आवर्जून समजून घ्याव्यात. घरात किती माणसे आहेत, कोणी आजारी, वृद्ध, गरोदर किंवा अपंग आहे का, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला येतो, कामाचे ठिकाण किती दूर आहे, दुसरीकडे किती भाडे परवडेल. पगाराची तारीख ही किरकोळ वाटणारी बाब फार निर्णायक असते. पगार महिन्याच्या पाच तारखेला येत असेल आणि घर सोडण्याचा दिवस तुम्ही अठ्ठावीस ठरवला असेल, तर नव्या घराचा पहिला हप्ता भरण्याच्या नेमक्या दिवशी तो माणूस रिकाम्या हाताने उभा असतो. तारीख दहाने पुढे नेली, की तोच व्यवहार सुरळीत पार पडतो आणि त्यात तुमचे नुकसान दहा दिवसांच्या भाड्याहून अधिक होत नाही.

साधारणपणे सहा ते आठ आठवडे हाती असतील, तर बहुतेक कुटुंबांना घर शोधणे, करार करणे आणि सामान हलवणे झेपते. दोन आठवड्यांत हे करावे लागले, तर माणूस मिळेल ते घर पत्करतो, आणि असे घर पुन्हा काही महिन्यांत सोडावे लागते.

अनामत रकमेची गाठ

या सगळ्या विषयात जी गोष्ट सर्वांत जास्त अडते ती ही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. नवे घर घेण्यासाठी भाडेकरूला नव्या मालकाकडे अनामत रक्कम भरावी लागते. त्याच्याकडे असलेली एकमेव मोठी रक्कम बहुधा तुमच्याकडेच अनामत म्हणून अडकलेली असते. तुम्ही म्हणता, “घर रिकामे करा, मग रक्कम देतो,” आणि तो म्हणतो, “रक्कम मिळाल्याशिवाय दुसरे घर मिळत नाही, मग रिकामे कसे करू?” दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि महिने उलटत राहतात.

आकड्यांत पाहू. महिन्याचे भाडे 100 धरा. तुमच्याकडे तीन महिन्यांची, म्हणजे 300 एवढी अनामत रक्कम आहे आणि दोन महिन्यांची, म्हणजे 200 एवढी थकबाकी आहे. भाडेकरूने 80 भाड्याचे लहान घर पाहिले आहे, तिथे दोन महिन्यांची अनामत म्हणजे 160, पहिल्या महिन्याचे भाडे 80 आणि सामान हलवण्याचा खर्च 30, असे एकूण 270 लागणार आहेत. तुम्ही थकबाकी वळती करून उरलेले 100 चावी दिल्यानंतर देणार असाल, तर तो निघूच शकत नाही. तो आणखी दोन महिने राहिला, तर थकबाकी 400 होते, अनामत रक्कम सगळी संपूनही 100 येणे उरते, वकिलाचा खर्च वेगळा, आणि घर नव्या भाडेकरूला देता येत नाही ते आणखी वेगळे.

आता दुसरी मांडणी पाहा. अनामत रकमेतील 160 तुम्ही नव्या घरमालकाला, करारावर सह्या होतील त्या दिवशी, थेट देता. सामान हलवणाऱ्याचे 30 त्या दिवशी थेट त्याला देता. नव्या घराचे पहिले भाडे भाडेकरू आपल्या पगारातून भरतो. तुमच्या हाती 110 उरतात, ते थकबाकीपोटी वळते होतात आणि 90 येणे राहते. ते महिन्याला 9 असे दहा हप्त्यांत घ्यावे, किंवा परिस्थिती पाहून सोडून द्यावे. पूर्ण सोडून दिले तरी तुमचे नुकसान 90 चे होते, आणि घर दोन महिने आधी मोकळे झालेले असते. पैसे भाडेकरूच्या हाती न देता थेट ज्याला द्यायचे त्याला दिल्याने ते दुसऱ्या कर्जात जिरण्याची भीतीही राहत नाही. हे भाडेकरूवरील अविश्वासातून करावे असे नव्हे, त्यालाही त्यामुळे इतर घेणेकऱ्यांना “माझ्या हातात काही आलेच नाही” असे खरेपणाने सांगता येते.

यात एक धोका उरतो आणि तो लपवू नये. अनामत रक्कम आधीच वापरली, तर घराचे नुकसान झालेले असल्यास ते भरून काढायला हाती काही राहत नाही. म्हणून रक्कम देण्यापूर्वी दोघांनी मिळून घराची पाहणी करावी, नळ, खिडक्या, भिंती, स्वयंपाकघराचा ओटा यांची छायाचित्रे काढावीत आणि जे काही दुरुस्त करावे लागेल त्याचा अंदाज तिथल्या तिथे लिहून ठेवावा. रोजच्या वापराने फिका पडलेला रंग हे नुकसान नसते, फुटलेले वॉश बेसिन हे असते.

तडजोडीचा कागद

जे ठरले ते लिहून काढावे. कितीही विश्वास असला तरी लिहावे, कारण तणावाच्या काळात दोन्ही बाजूंना वेगवेगळे आठवते. कागदावर घर सोडण्याची तारीख आणि वेळ, कोणती रक्कम केव्हा आणि कोणाला द्यायची, थकबाकीचा आकडा, त्यातील किती माफ आणि किती हप्त्यांत, चावी कोणाच्या हाती द्यायची आणि ठरलेल्या दिवशी काही अडचण आली तर किती दिवसांची सवलत, हे सगळे असावे. भाडेकरूला हा कागद घरी नेऊन वाचायला, हवे तर वकिलाला किंवा कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेला दाखवायला दोन-तीन दिवस द्यावेत. घाईने घेतलेली सही पुढे टिकत नाही आणि ती घेणे योग्यही नाही.

न्यायालयात प्रकरण चालू असेल, तर तडजोड तिथे नोंदवता येते. त्याच वेळी एक गोष्ट वकिलाला जरूर विचारावी : ठरल्याप्रमाणे घर रिकामे झाल्यास भाडेकरूविरुद्धचा निकाल घेण्याऐवजी दावा मागे घेता येईल का? अनेक ठिकाणी नवे घरमालक अर्जदाराचे नाव न्यायालयीन नोंदींत शोधतात आणि तिथे घर रिकामे करण्याचा आदेश दिसला, की पुढचे काही न विचारता नकार देतात. तुमच्या दृष्टीने या नोंदीचा उपयोग घर हाती येताच संपलेला असतो, त्या कुटुंबाला मात्र ती अनेक वर्षे आडवी येते. ती टाळता येत असेल, तर याहून मोठी आणि याहून स्वस्त मदत दुसरी नाही.

शिफारसपत्र : खरे, पण पूर्ण

थकबाकी ठेवणाऱ्याला शिफारसपत्र कसे द्यायचे, असा प्रश्न मला अनेक घरमालकांनी विचारला आहे. खोटे लिहू नये, हे उघड आहे, कारण त्याने नव्या मालकाची फसवणूक होते आणि तुम्ही अडचणीत येऊ शकता. पण शेवटच्या चार महिन्यांचे खरे सांगायचे आणि आधीच्या चार वर्षांचे खरे गाळायचे, हेही एक प्रकारचे खोटेच आहे. चांगले पत्र असे असते : “या कुटुंबाने माझ्या घरात चार वर्षे दोन महिने वास्तव्य केले. त्यांपैकी पहिली चार वर्षे भाडे वेळेवर मिळाले. नोकरी गेल्यानंतर दोन महिन्यांचे भाडे थकले, त्याच्या परतफेडीची लेखी व्यवस्था आमच्यात झाली आहे आणि ती ठरल्याप्रमाणे सुरू आहे. घराची निगा चांगली राखली. शेजाऱ्यांची तक्रार आली नाही.” यातील प्रत्येक वाक्य तारखांनिशी पडताळता येते. सोबत भाडे मिळाल्याचा महिनावार तक्ता जोडावा, कारण नवा मालक विशेषणांपेक्षा त्या तक्त्यावर विश्वास ठेवतो. पत्रात काय लिहिणार हे भाडेकरूला आधी दाखवावे आणि त्याच्या संमतीशिवाय ते कोणाला पाठवू नये.

घर शोधताना

घर भाडेकरूनेच शोधावे, कारण राहायचे त्याला आहे. तुम्ही त्याचा शोध सोपा करू शकता. तुमचेच दुसरे एखादे लहान घर मोकळे असेल, तर ते आधी सुचवावे, मात्र त्याचा करार नवा करावा आणि जुन्या थकबाकीचा हिशेब त्यात मिसळू नये. ओळखीच्या घरमालकांकडे शब्द टाकायचा असेल, तर भाडेकरूला विचारून टाकावा. घरे पाहायला जाण्यासाठी त्याला कामावरून रजा घ्यावी लागते, म्हणून तुमच्या बाजूने नव्या भाडेकरूंना घर दाखवण्याच्या वेळा आठवड्यातून एक-दोन ठरावीकच ठेवाव्यात. रोज संध्याकाळी अनोळखी माणसे घरातून फिरत असली, की आवराआवर होत नाही आणि मनही थाऱ्यावर राहत नाही.

अनेक ठिकाणी नगरपालिका, सरकारी गृहनिर्माण विभाग किंवा धर्मादाय संस्था घर सोडावे लागणाऱ्यांना अनामत रकमेसाठी किंवा थकलेल्या भाड्यासाठी मदत देतात. या अर्जांत घरमालकाचे कागद लागतात : नोटिशीची प्रत, थकबाकीचा दाखला, भाडेकराराची प्रत, कधी बँक खात्याचा तपशील, कारण काही संस्था पैसे थेट घरमालकालाच देतात. भाडेकरू धावपळ करून अर्ज भरतो आणि तो घरमालकाच्या एका सहीसाठी तीन आठवडे पडून राहतो, असे मी स्वतःच्या हातून होताना पाहिले आहे. तो फॉर्म माझ्या टेबलावर विजेच्या बिलांखाली राहिला आणि मुदत उलटून गेली. तेव्हापासून असा कागद आला, की तो दोन दिवसांच्या आत सही करून परत द्यायचा, हा नियम मी मोडलेला नाही. घरात आजारी माणूस असेल, तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडेही अशा योजनांची माहिती मिळते, हे भाडेकरूला सांगावे.

घर सोडण्यामागे घरातील मारहाण किंवा छळ असेल, तर वेगळी काळजी घ्यावी लागते. अशा वेळी नवा पत्ता घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला, नातेवाइकांना किंवा विचारत आलेल्या कोणालाही सांगू नये. अनामत रकमेचा धनादेश कोणाच्या नावाने काढायचा हेही करारातली नावे पाहून आणि वकिलाला विचारून ठरवावे.

सामान हलवण्याचा दिवस

या दिवसाचे नियोजन आदल्या आठवड्यात करावे. रिकामी खोकी, चिकटपट्टी आणि जाड मार्कर पेन हे घरमालकाने आणून दिले, तर खर्च थोडा होतो आणि सुरुवात होते, कारण बांधाबांध सुरू करणे हेच माणसाला सर्वांत जड जाते. पुस्तके आणि भांडी लहान खोक्यांत भरावीत, मोठे खोके जड वस्तूंनी भरले की ते उचलले जात नाही आणि तळातून फाटते. प्रत्येक खोक्यावर त्यात काय आहे याबरोबरच नव्या घराच्या कोणत्या खोलीत ते जायचे हेही लिहावे. फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्यावा, तो उभाच न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास थांबून मग सुरू करावा.

एक पिशवी मात्र गाडीत चढवू नये. औषधे, चष्मा, ओळखपत्रे, करार, बँकेचे कागद, मुलांची शाळेची कागदपत्रे, फोनचा चार्जर आणि एका रात्रीपुरते कपडे त्या पिशवीत असावेत आणि ती घरातल्या एकाने सतत हातात ठेवावी. एका कुटुंबाच्या आजीबाईंची औषधे गादीच्या गुंडाळीत गेली आणि गाडी दोन ठिकाणी थांबून रात्री दहाला पोहोचली. आजीबाई नव्या घराच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक खोके उघडले जाताना पाहत होत्या. त्या दिवशी मी तिथे मदतीला होतो आणि तरीही मला हे सुचले नव्हते, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

इमारतीत लिफ्ट असेल, तर ती ठरावीक वेळेसाठी मिळण्याची व्यवस्था घरमालकाने करावी, गाडी उभी करायला जागा ठेवावी आणि पहारेकऱ्याला आधी कल्पना द्यावी. भाडेकरूला ही विनंती करताना दहा जणांना कारण सांगावे लागते. तुम्ही एक फोन केला, की ते टळते. निघण्याची वेळ सकाळची ठेवावी, म्हणजे नव्या घरी उजेडात पोहोचता येते आणि दिवे, पाणी, कुलूप काही चालत नसेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घेता येते.

चावी घेताना आणि त्यानंतर

चावी घेताना दोघांनी मिळून घरभर एकदा फिरावे, वीज आणि पाण्याच्या मीटरची छायाचित्रे घ्यावीत, आधीच्या पाहणीची यादी पुढे ठेवून फरक असेल तो लिहावा आणि दोघांनी सही करावी. ठरलेली रक्कम त्याच वेळी द्यावी. “उद्या देतो” म्हणू नये, त्या कुटुंबाने त्या पैशांवर त्याच संध्याकाळचा काहीतरी खर्च धरलेला असतो. देणे-घेणे पूर्ण झाले असेल तर तसे लेखी द्यावे, आणि हप्ते बाकी असतील तर किती व केव्हापर्यंत, ते लिहावे.

मागे राहिलेले सामान लगेच टाकून देऊ नये. त्याची यादी आणि छायाचित्रे करावीत, भाडेकरूला लेखी कळवावे आणि स्थानिक कायद्यात सांगितलेली मुदत पाळावी. फोटो, प्रमाणपत्रे, पत्रे अशा वस्तूंना बाजारात किंमत नसते, पण त्या हरवल्या तर परत मिळत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. पुढचे सहा महिने तरी जुन्या पत्त्यावर पत्रे येत राहतात. त्यांत बँकेची, रुग्णालयाची, न्यायालयाची पत्रे असू शकतात. नव्या भाडेकरूला ती बाजूला ठेवायला सांगावे आणि दर पंधरा दिवसांनी जुन्या भाडेकरूला एक संदेश पाठवून ती पोहोचती करावीत.

आठवड्याभराने एकदा फोन करावा, पैशांचा विषय न काढता. नव्या घरात पाणी येते का, मुलांचे शाळेत नाव लागले का, शिफारसपत्राची आणखी प्रत हवी आहे का, एवढे विचारावे. हप्त्यांचे बोलणे ठरलेल्या तारखेला, वेगळ्या फोनवर करावे.